जखमी सैनिकांसाठी दिलेले १९ डॉलर आणि संस्थेच्या साहेबाचा पगार

फिरस्ता_एडिसन

लोकहो, वर्षअखेर आली की आमच्या ऑफिसात देणग्यांचा हंगाम सुरू होतो. आपण जेवढं देऊ तेवढीच रक्कम कंपनी वर घालते, त्यामुळे देणं टाळवतही नाही. यंदा टीममधला एक माजी मरीन म्हणाला, सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दे, पण बघून दे. त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड पुन्हा उगवला: रेडक्रॉसच्या बाईंना साडेसहा लाख डॉलर, युनिसेफच्या बाईंना बारा लाख आणि वर रोल्स रॉइस, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या कमिशनरला मात्र वर्षाला फक्त तेरा हजार. सबब पहिल्या दोघींना दमडीही देऊ नका.

माझा पेच वुंडेड वॉरियर प्रोजेक्टबद्दल आहे. 'महिना फक्त १९ डॉलर' ही त्यांची टीव्हीवरची जाहिरात इथे अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिली असेल. २००३ मध्ये रुग्णालयातल्या जखमी सैनिकांना कपडे-साबण-ब्रश भरलेल्या पाठपिशव्या वाटण्यापासून ही संस्था सुरू झाली. २०१६ मध्ये तिच्या सीईओला घरी बसवावं लागलं. स्टीव्हन नार्डिझी, पेशाने वकील, स्वतः कधीही सैन्यात नव्हता, २०१४ मधला पगार सुमारे ४ लाख ७३ हजार डॉलर. पाय गमावलेल्या पोराचा फोटो दाखवून पैसे गोळा करायचे आणि त्यातले पावणेपाच लाख एका माणसाने घरी न्यायचे, हे मला पचत नाही. बायको म्हणते, तुझ्या कंपनीतला व्हीपी किती नेतो ते आधी विचार. तुमचं काय मत?

खडूस_म्हातारा

सेवा करायची तर फुकट करा. लाखांचा पगार हवा तर वॉल स्ट्रीट मोकळी आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

गुळपोळी

काका, एवढ्यात कुठे बंद करता! मी याच क्षेत्रात आहे, निधी उभारण्याचं काम करते (सैनिकांच्या संस्थेत नाही), म्हणून जरा आकडेमोड करू. २०१५ मध्ये वुंडेड वॉरियरकडे ३७ कोटी डॉलरच्या वर देणग्या जमा झाल्या. त्या प्रमाणात ४ लाख ७३ हजार म्हणजे शंभर डॉलरमागे तेरा सेंट. फिरस्तांच्या १९ डॉलरमधले अडीच सेंटही साहेबाच्या खिशात जात नव्हते. एवढ्या उलाढालीची, देशभर शाखा असलेली संस्था चालवायला कोण फुकट येणार? येईल तो निवृत्त आणि श्रीमंत. मग संस्था त्याच्या सवडीने चालते, हे मी जवळून पाहिलंय.

आणि नार्डिझीच्या काळात संस्था कैक पटींनी वाढली, हेही मान्य करा. जाहिरातीवर खर्च केला म्हणून लोकांना कळलं, म्हणून पैसे आले. आमच्या धंद्यात कमी पगाराचं कौतुक फार होतं. त्यापायी चांगली माणसं दोन-तीन वर्षांत सोडून जातात, त्याचा हिशोब मात्र कुठल्याच अहवालात दिसत नाही.

खडूस_म्हातारा

अडीच सेंट म्हणून सोडायचं तर मग देवळातल्या पेटीतून अडीच सेंट उचलणाऱ्यालाही सोडा.

ताळेबंद

फिरस्ता, आधी तो फॉरवर्ड डिलीट करा. त्यातल्या रेडक्रॉसच्या बाई म्हणजे मार्शा इव्हान्स. त्या २००५ च्या अखेरीस पायउतार झाल्या. तेव्हाचा आकडा आजचा म्हणून अजून फिरतोय. त्या स्वतः नौदलातून रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झालेल्या होत्या, हे लिहायला मात्र फॉरवर्डवाले सोयीस्कर विसरतात. युनिसेफच्या अमेरिकी शाखेच्या प्रमुखांना बारा लाख मिळत नव्हते आणि रोल्स रॉइस तर शुद्ध थाप आहे. साल्व्हेशन आर्मीच्या तेरा हजारांत राहतं घर धरलेलं नाही.

आता वुंडेड वॉरियर. मी सीपीए (सनदी लेखापाल) आहे आणि ना-नफा संस्थांची ऑडिट करते, म्हणून हे प्रकरण त्या वेळी बारकाईने वाचलं होतं. जानेवारी २०१६ च्या शेवटी सीबीएस न्यूज आणि न्यूयॉर्क टाइम्स यांनी पाठोपाठ बातम्या दिल्या. लोकांच्या डोक्यात पगार राहिला, पण आग लागली ती दुसऱ्याच गोष्टींनी. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ब्रॉडमूर या पंचतारांकित हॉटेलात २०१४ मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांचं संमेलन झालं आणि तिथे साहेब हॉटेलच्या मनोऱ्यावरून दोरीने उतरत अवतरले. आधीच्या संमेलनांत म्हणे सेगवेवरून आणि घोड्यावरून एन्ट्री झाली होती. परिषदा आणि बैठकांचा खर्च २०१० मध्ये १७ लाख डॉलर होता, तो २०१४ मध्ये २ कोटी ६० लाखांवर गेला. हे सांगणाऱ्यांत तिथेच नोकरी केलेले माजी सैनिक होते.

मार्चमध्ये संचालक मंडळाने नार्डिझी आणि त्यांचे सीओओ (कामकाज प्रमुख) अल जॉर्डानो या दोघांना काढलं. पण बाहेरच्या वकिलांनी आणि हिशोबतपासनिसांनी केलेल्या चौकशीचा निष्कर्ष त्या मंडळानेच जाहीर केला, तोही वाचा. ते संमेलन बातमीतल्या ३० लाखांचं नव्हतं, सुमारे ९ लाख ७० हजारांचं होतं. आणि २ कोटी ६० लाखांपैकी ९४ टक्के रक्कम सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या कार्यक्रमांचीच होती. म्हणजे चोरी सापडली नाही. सापडलं ते एवढंच की संस्था भराभर वाढली आणि नियम-नियंत्रणं मागे राहिली.

फिरस्ता_एडिसन

ताळेबंदताई, मग काढलं कशाला? ९४ टक्के बरोबर असेल तर माणूस निर्दोष नाही का?

ताळेबंद

कायद्याने निर्दोष असणं वेगळं आणि देणगीदारांसमोर उभं राहता येणं वेगळं. बातम्या आल्यावर देणग्या धडाधड आटल्या. जुलै २०१६ मध्ये मायकेल लिनिंग्टन हे निवृत्त लेफ्टनंट जनरल सीईओ झाले, आधीच्यापेक्षा कमी पगारावर. त्यांनी आल्या आल्या ८५ जणांच्या नोकऱ्या कमी केल्या आणि काही कार्यालयं बंद केली. दोरीवरून उतरणाऱ्याची किंमत कोणी मोजली ते बघा: ज्यांना फोन करून 'आज कसं वाटतंय' विचारणारा माणूस होता, त्यांचा तो माणूस गेला.

पगाराचं माझं मत सांगते. ३७ कोटींच्या संस्थेला पावणेपाच लाख हा आकडा या देशातल्या बाजारभावाने चकित करणारा नव्हता. खरी गोम होती 'देणगीतले ८०.६ टक्के कामावर जातात' या दाव्यात. चॅरिटी नॅव्हिगेटर हे संस्थांना गुण देणारं संकेतस्थळ त्याच संस्थेला ६० टक्क्यांच्या आसपास धरत होतं. दोघेही त्याच कागदांवरून बोलत होते.

समिधा_टेक्सास

असं कसं? वीस टक्के गेले कुठे?

ताळेबंद

समिधाताई, तुमच्या घरी पत्र येतं. वर लिहिलेलं असतं: 'सैनिकांच्या आत्महत्यांची ही लक्षणं ओळखा, हा हेल्पलाइन नंबर.' खाली लिहिलेलं असतं: 'कृपया १९ डॉलर पाठवा.' आता या पत्राचा छपाई-टपाल खर्च जनजागृतीचा की निधी गोळा करण्याचा? हिशोबाचे नियम म्हणतात, काही अटी पाळल्या तर वाटून दाखवा. याला जॉइंट कॉस्ट म्हणतात. शिवाय वाहिन्यांनी फुकट दिलेला जाहिरातीचा वेळ आधी देणगी म्हणून जमेला धरायचा आणि मग जनजागृती म्हणून खर्चात टाकायचा. हे सगळं कायदेशीर आहे. पण जखमी माणसाच्या हातात काय पडलं, या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. सिनेटर चक ग्रासली यांनी पुढे चौकशी केली, २०१७ मध्ये अहवाल दिला आणि नेमकं यावरच बोट ठेवलं.

म्हणून गुळपोळीचे अडीच सेंट खरे असले तरी मला ते पुरेसे वाटत नाहीत. पगार हा एकच आकडा सामान्य माणसाला झटकन कळतो, म्हणून राग तिथे निघतो.

गुळपोळी

ताई, जॉइंट कॉस्टवर आमच्या क्षेत्रालाच एवढं झोडपू नका. आत्महत्या रोखण्याची माहिती घराघरांत पोचवणं हे काम नाही का?

ताळेबंद

आहे ना. त्याच पाकिटात क्रेडिट कार्डाचा रकाना नसता तर मी एक शब्द बोलले नसते.

समिधा_टेक्सास

माझा मुलगा आर्मीत आहे, फोर्ट हूडला होता. (इथली काही मराठी मंडळी अजून 'सैन्यात? का बरं?' असं विचारतात, तो वेगळ्या धाग्याचा विषय.) तो कोरियात असताना पुण्यात माझ्या सासूबाई अत्यवस्थ झाल्या. अशा वेळी आम्ही फोन करून भागत नाही. रेडक्रॉसला कळवावं लागतं, ते रुग्णालयाकडून खातरजमा करतात आणि मग त्याच्या वरिष्ठांना अधिकृत संदेश जातो. त्यावर रजा द्यायची की नाही ते वरिष्ठ ठरवतात. रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या त्या मुलीने पुण्यातल्या डॉक्टरांना गाठलं, त्यांचं इंग्रजी आणि तिचं इंग्रजी जुळेना तर मला लाइनवर घेतलं. तिला पगार होता का, तिच्या साहेबाला किती होता, हे त्या रात्री माझ्या मनातही आलं नाही. ती जागी होती, बस.

पण दुसरी बाजूही सांगते. तळावर कुटुंबांना खरा आधार असतो तो आर्मी इमर्जन्सी रिलीफचा. गाडी बंद पडली, घरी जायला तिकिटाला पैसे नाहीत, तर बिनव्याजी कर्ज मिळतं. मरीन आणि नौदलाची त्यांची स्वतःची तशीच सोसायटी आहे, १९०४ पासूनची. त्यांची जाहिरात तुम्ही टीव्हीवर कधी पाहिलीत का? माझ्या मुलासारखी पोरंच आपल्या पगारातून त्यांना पैसे देतात. फिशर हाउसही बघा. लष्करी रुग्णालयाशेजारी घरं बांधतात आणि कुटुंबाला फुकट राहू देतात. त्याचे प्रमुख केन फिशर बिनपगारी काम करत आलेत.

खडूस_म्हातारा

घ्या! बिनपगारी होतं की नाही?

गुळपोळी

होतं, घराण्याचा बांधकाम व्यवसाय न्यूयॉर्कमध्ये असेल तर होतं. बाकीच्यांनी भाडं कशातून द्यायचं?

खडूस_म्हातारा

भाडं द्यायला पावणेपाच लाख लागत नाहीत, एवढंच म्हणतोय. दीड लाखात इथे चार जणांचं घर चालतं. माझं चाललं.

कोर्टकचेरी

वाद छान रंगलाय, पण लोक एकाच टोपलीत तीन वेगळे प्रकार टाकतायत. वकील म्हणून राहवत नाही.

शुद्ध लबाडी वेगळी. 'यू. एस. नेव्ही व्हेटरन्स असोसिएशन' नावाने 'बॉबी थॉम्पसन' या माणसाने देशभरातून सुमारे १० कोटी डॉलर उकळले. २०१२ मध्ये पोर्टलंडला पकडला गेला तेव्हा कळलं, तो जॉन डोनाल्ड कोडी, हार्वर्डमध्ये शिकलेला वकील (आमच्या जातीचा, काय सांगणार). ओहायोच्या कोर्टाने २८ वर्षं दिली. तिथे पगाराचा प्रश्नच नव्हता, संस्थाच बनावट होती.

दुसरा प्रकार जास्त चीड आणणारा, कारण संस्था खरी असते. रॉजर चेपिन यांची 'हेल्प हॉस्पिटलाइज्ड व्हेटरन्स' रुग्णालयांतल्या सैनिकांना हस्तकलेचे संच वाटायची. २००७-०८ मध्ये काँग्रेसमन हेन्री वॅक्समन यांच्या समितीने त्यांना बोलावलं. २००४ ते २००६ या तीन वर्षांत चेपिन यांच्या संस्थांनी १६ कोटी ८० लाख डॉलरच्या वर गोळा केले आणि त्यातला जेमतेम चौथा हिस्सा सैनिकांवर खर्च झाला. त्याच काळात चेपिन पती-पत्नींना मिळून १५ लाखांवर मोबदला. जनरल टॉमी फ्रँक्स यांना त्यांचं नाव वापरण्याबद्दल १ लाख. यातला किती पैसा कुठे जातो हे पत्रात का छापत नाही, असं विचारल्यावर चेपिन यांचं उत्तर होतं की तसं छापलं तर कोणी देणारच नाही, आम्हाला दुकान बंद करावं लागेल. समितीसमोर, शपथेवर! मला तर त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुकच वाटलं. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या अ‍ॅटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी या संस्थेवर दावा लावला.

तिसरा प्रकार वुंडेड वॉरियरचा: काम खरं, पैसा बऱ्यापैकी कामावर, पण थाट नको तेवढा. या तिघांना एकच शिवी घालून चालणार नाही.

फिरस्ता_एडिसन

कोर्टकचेरी, मग 'किमान ७० टक्के कामावर गेलेच पाहिजेत' असा कायदाच का नाही करत?

कोर्टकचेरी

राज्यांनी करून पाहिला. सुप्रीम कोर्टाने १९८० च्या दशकात तीनदा उडवून लावला. देणगी मागणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं, खर्चाच्या टक्केवारीवरून कोणाला फसवं ठरवता येत नाही. फक्त २००३ मध्ये एक फट उघडली, आणि तीही सैनिकांच्याच संस्थेच्या खटल्यात. इलिनॉयमधली 'व्हिएतनाऊ'. तिच्यासाठी फोन करणारी टेलिमार्केटिंग कंपनी डॉलरमागे ८५ सेंट स्वतः ठेवत होती. सुमारे ७१ लाख गोळा झाले, संस्थेला ११ लाखांच्या आसपास मिळाले. कोर्ट एकमताने म्हणालं: ८५ सेंट ठेवणं हा गुन्हा नाही, पण फोनवर 'बहुतेक पैसे सैनिकांना जातात' असं खोटं सांगितलं असेल तर राज्य फसवणुकीचा दावा लावू शकतं. थोडक्यात, तुम्ही विचारलं तरच ते खोटं बोलतील आणि ते खोटं बोलले तरच पकडले जातील. तेव्हा फोनवर आवर्जून विचारा.

अपशिंगेकर

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याहून वाचतो. घरात तीन पिढ्या फौजेत, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवेना. आपल्याकडे ७ डिसेंबरचा ध्वज दिन १९४९ पासून आहे. शाळेत छोटे झेंडे विकलेले सगळ्यांना आठवत असतील. त्या निधीचं काम बघणारी केंद्रीय सैनिक बोर्डापासून जिल्हा कार्यालयापर्यंतची यंत्रणा सरकारी, पगार सरकारी तिजोरीतून. त्यामुळे 'साहेबाने देणगीतून किती घेतले' हा प्रश्न आमच्याकडे या रूपात उभा राहत नाही. बाकीचे प्रश्न उभे राहतात, ते असोत.

खडकीला मात्र देणगीवर अवलंबून असलेली कामं आहेत. अपंग जवानांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ ची. कमरेखाली किंवा मानेखाली संवेदना गेलेल्या जवानांचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ चं. तिथली मुलं व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. कधी पुण्याला आलात तर आधी कळवून जा. एक शंका होती: अमेरिकेत संस्थेच्या साहेबाचा पगार घरबसल्या बघता येतो म्हणता, तो कसा? इथे धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करून मी थकलेली माणसं पाहिलीत.

ताळेबंद

काका, पॅराप्लेजिक केंद्राबद्दल वाचून बरं वाटलं. शंकेचं उत्तर सविस्तर देते, फिरस्तांच्याही कामाचं आहे.

इथल्या बहुतेक करमुक्त संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकलं की फुकट दिसतो. सगळे भाग ७ मध्ये उडी मारतात, कारण पगार तिथे असतात. तुम्ही आधी भाग ६ उघडा. तिथे पंधराव्या ओळीत विचारलेलं असतं: प्रमुखाचा पगार ठरवताना स्वतंत्र व्यक्तींनी निर्णय घेतला का, तुलनेचे आकडे पाहिले का, त्याची नोंद ठेवली का? 'हो' असेल तर पद्धत 'शेड्यूल ओ' या पुरवणीत लिहावी लागते. काही संस्था तिथे नीट सांगतात की कुठल्या सर्वेक्षणाशी तुलना केली. काही एका ओळीत वाटेला लावतात. मग शेड्यूल जे, ही पगार-सवलतींची पुरवणी. विमानाचा पहिला वर्ग, जोडीदाराचा प्रवास, घरभत्ता, क्लबची वर्गणी, घरगुती नोकरचाकर, यांतलं काय दिलं त्याच्या चौकटी असतात. पगाराच्या आकड्यापेक्षा मला त्या चौकटी जास्त बोलक्या वाटतात. शेवटी भाग ९ ची तळाची ओळ, २६ वी: जॉइंट कॉस्ट. ती मोठी दिसली की टक्केवारीच्या दाव्यावर विश्वास बेताने ठेवा.

जास्तीचा पगार घेतल्याचं सिद्ध झालं तर त्या जास्तीच्या रकमेवर घेणाऱ्याला २५ टक्के दंडकर आहे, परत केली नाही तर २०० टक्के. पण मंडळाने ती तीन पथ्यं पाळली असतील तर पगार वाजवी असल्याचं गृहीत धरलं जातं आणि तो नाही हे दाखवायचं ओझं सरकारवर. म्हणून चलाख संस्था सल्लागार नेमतात, सल्लागार जास्त पगाराच्या संस्थांशी तुलना करतो आणि सगळ्यांचे पगार एकमेकांच्या आधाराने वर चढतात. माझा आक्षेप तिथे आहे. तुलनेच्या यादीत जखमी सैनिकांची संस्था मोठ्या विद्यापीठाच्या आणि रुग्णालयाच्या शेजारी बसवलेली मी पाहिलीय.

गुळपोळी

हे शंभर टक्के खरं आहे आणि आम्ही लोक ते उघड बोलत नाही.

खडूस_म्हातारा

ताळेबंदबाई, तुमच्या २६ व्या ओळीपुढे हात टेकले. तरी माझं मत तेच. निवृत्त जनरलला पेन्शन असते, त्याने निम्म्यात काम करावं.

समिधा_टेक्सास

काका, पेन्शन त्याच्या आधीच्या कामाची आहे. पण मंडळावर दोन-तीन तरी जखमी होऊन आलेले लोक किंवा त्यांच्या बायका असाव्यात, हे मी म्हणेन. सेम्पर फाय फंड सुरू केला तो मरीन सैनिकांच्या बायकांनी, रुग्णालयात नवऱ्यांजवळ बसलेल्यांना काय लागतं ते बघून. घोड्यावरून एन्ट्रीचा ठराव अशा बाईसमोर मांडून बघा!

फिरस्ता_एडिसन

सगळ्यांचे आभार. काल रात्री तीन संस्थांचे फॉर्म उघडून बसलो. एकीच्या शेड्यूल जे मध्ये जोडीदाराच्या प्रवासाची चौकट भरलेली आहे, तिथेच खाली त्याचं कारण दिलंय ('निधीसंकलनाच्या कार्यक्रमांना उपस्थिती'). हे चालतं का? आणि फॉर्म दीड वर्षं जुना आहे, नवा कुठे मिळेल?

ताळेबंद

चालतं, पण कितीवेळा आणि किती डॉलर, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर द्यायचं बंधन त्यांना नाही. फॉर्म मात्र नाकारता येत नाही: शेवटच्या तीन वर्षांचे लेखी मागितले तर ३० दिवसांत द्यावे लागतात, समक्ष गेलात तर त्याच दिवशी. वर्ष संपल्यावर साडेचार महिने आणि वर सहा महिन्यांची मुदतवाढ, म्हणून जुना दिसतो. आज ईमेल टाका. कंपनीची देणगीची मुदत ३१ डिसेंबर असेल तर निम्मी रक्कम आत्ता समिधाताई म्हणतात तिथे द्या, उरलेल्याचं उत्तर आल्यावर बघू.